जाईबाईचं कागदावरचं वय

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. कोणत्या, ते सांगत न्हाय. माणसं नेमायची फाईल माझ्या हातची. प्राध्यापक जाहिरातीतनं यायचे, कारकून वशिल्यानं, अन् झाडू-पाण्याला दारात जो उभा असेल तो. आता रिटायर झालोय, खरं बोलायला कुणाच्या बापाची भीती?

जाईबाई त्र्याहत्तर साली दारात उभी राहिली. ढोकीकडच्या बौद्धवाड्यातली. नवरा ऊसतोडीला गेला तो परतलाच नव्हता. घरी एकटी सासू, दगडाबाई. हातात दुष्काळी कामाचं कार्ड, त्यावर वय बावीस. दिसत होती अगदी पोरसवदा. म्हटलं, खरं सांग.

"भाऊसाहेब, म्या दीक्षेच्या सालची. अठराच्या आत खडी फोडायला घेईनात, म्हून सासूनं मुकादमाला बावीस सांगितलं."

दीक्षेचं साल म्हणजे छप्पन्न. पोरगी सतराची. आमच्याकडंही अठराच्या आत घेता येत नव्हतं. दया आली, अन् जाणूनबुजून रजिस्टरात बावीसच लिहिलं. दया करताना माणूस लई शहाणा होतो.

पुढं बारा वर्षं ती रोजंदारीवर राबली. एकोणनव्वद दिवस काम, मग एक दिवस घरी, म्हणजे सलग नोकरीचा हक्क लागू नये. ते खंडाचे आदेश मीच टाईप करायचो. प्रयोगशाळा झाडता झाडता बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून ती वाचायला शिकली. कुठलं आम्ल कुठं, हे सरांच्या आधी तिला ठाऊक.

पंच्याऐंशीत प्रयोगशाळेत कायम परिचराची जागा निघाली. तोवर दगडाबाईला लकवा मारला होता. तिच्या औषधपाण्यासाठी जाईबाईला ती जागा हवीच होती. मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष आबाराव स्वतः बसले. विचारलेली प्रत्येक बाटली जाईबाईनं ओळखली. आबाराव खूश झाले, मग त्यांनी रजिस्टर उघडलं.

"बाई, तुमचं वय चौतीस होतंय. सवलत धरूनही अट तेहतीसची हाय."

"न्हाय साहेब. म्या दीक्षेच्या सालची. एकोणतीस."

"कागद हाय का काही?"

शाळा न्हाय, जन्माची नोंद न्हाय, कागद कुठला असणार? आबारावांनी माझ्याकडं पाहिलं. "हेडक्लार्क, ही नोंद तुमच्या हातची. तेव्हा बाईनं वय वेगळं सांगितलं होतं का?"

जाणूनबुजून खोटी नोंद केली म्हणजे नोकरी गेलीच. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायची होती. रजिस्टरावरची नजर न उचलता मी म्हटलं, "न्हाय साहेब."

जाईबाई माझ्याकडं बघत राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर मी मेलो असतो. तिनं फक्त पदर सावरला, हात जोडले अन् बाहेर गेली. जागा दुसऱ्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशेजारचा माठ भरायला ती नेहमीसारखी आली. मला राहवलं न्हाय. विचारलं, "काल माझं नाव का घेतलं न्हाईस?"

माठावर फडकं बांधत ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी सतरा लिवलं असतं तर आमी दोघी उपाशी मेलो असतो, भाऊसाहेब. ते कसं इसरू?"

त्या दिवशी तिच्या खंडाचा आदेश निघायचा होता. तोही मीच टाईप केला.