नायकाचं लहानपण

सानिका, ओम, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बाबा लहानपणी कसे होते?" मी "फार हुशार" एवढंच म्हणाले. आज नीट लिहिते आहे, कारण सकाळी वाचनालयात कॉलेजची दोन मुलं सुपरहिरोच्या कॉमिक्सवरून भांडत होती.

"जुन्या लेखकाचा हिरो लहानपणी अंधाराला घाबरायचा. म्हणून तर तो आपला वाटायचा, यार!"

"रडका होता तो! नव्या लेखकाने त्याला जन्मापासून शूर केला, तेच बरं."

"मग तो शूर झाला कधी, सांग ना!"

मी पुस्तक न बदलताच घरी आले. तुमचा बाबा गेल्यापासून आम्ही सगळे त्या नव्या लेखकासारखेच वागतो आहोत. फोटोला हार घातला आणि त्याची भीती, त्याचे हट्ट हळूहळू गाळून टाकले. जो उरला, त्याचं कौतुक वाटतं, पण त्याला जवळ घ्यावंसं वाटत नाही. तुम्हाला तर तेवढाच मिळाला.

तुमचा बाबा दहावीपर्यंत पालीला घाबरायचा. गणितात नापास झाला, तेव्हा संध्याकाळभर जिन्यात बसून राहिला होता. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. हे पाहिलेली आता मी एकटीच आहे. मला ते अजून आठवतं.