टाइम ऑफिस मामांचा शनिवार

टाइम ऑफिस मामांनी आयुष्यात कुणाची सबब ऐकून घेतली नाही. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या गेटाशी बसून उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे तांबडी खूण करणं हे त्यांचं काम. कुणाची गाडी चुकलेली असे, कुणाची बायको आजारी असे. मामा सगळं ऐकायचे, 'अरेरे' म्हणायचे आणि खूण करायचे. त्यांना खरं नावही होतं, पण क्वार्टर्समध्ये ते कुणी वापरत नसे.

माझे अप्पा त्याच कारखान्यात होते. ते अचानक गेले आणि आम्हाला क्वार्टर सोडायला वर्षाची मुदत मिळाली. तेवढ्यात मला नोकरी लागली तर मी आणि अम्मा मद्रासमध्ये राहणार, नाही तर तंजावरला मोठ्या काकांच्या घरी, मागच्या खोलीत. अम्माला ती खोली चांगली ठाऊक होती. मी बी.ए. नापास, पण कॉलेजात तीन हजार मीटर धावत असे. एका सरकारी कचेरीत खेळाडूंसाठी जागा आहेत आणि जूनच्या राज्य स्पर्धेत पहिल्या तिघींत येणारीला त्यातली एक मिळू शकते, ही बातमी मामांनीच आणली. तरुणपणी ते स्वतः धावत असत. "मी शिकवतों हिला," ते अम्माला म्हणाले. "पण तिघींत यायला हवं. चौथीला कोण विचारतं?"

मग तो उन्हाळा सुरू झाला. बुधवारी वेगाचं धावणं, रविवारी तळ्याच्या बांधावरून सोळा किलोमीटर. कत्तिरीचं ऊन म्हणजे मे महिन्यातलं आमच्याकडचं सगळ्यात जहाल ऊन. सकाळी सातलाच अंग भाजून निघे. मामा सायकलवर मागे, गळ्यात स्टॉपवॉच, हँडलला ताकाची बाटली. मी दमले म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पाय खोटं बोलतात. घड्याळ बोलत नाही."

बुधवारी मी बरी धावायची. रविवारी मात्र दहाव्या किलोमीटरनंतर डोळ्यांपुढे अंधारी येई, पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे जड होत. दर रविवारी वेळ आणखी वाईट. मामांनी वहीतला आकडा माझ्यापुढे धरावा आणि विचारावं, "बुधवारी पळतेस ती रविवारी कसाला रडतेस? आळस हो, दुसरं काय?" मला ते पटे. आपण मुळातच कमअस्सल, आपल्यापायी अम्मा त्या मागच्या खोलीत कुजणार, असं वाटे. एखाद्या रविवारी धावता धावता इथेच मेले तर बरं, असंही वाटून गेलं आहे. घरी येऊन नळ सोडून रडावं तर मद्रासच्या उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, म्हणून टॉवेल तोंडात धरून रडायची. पुढच्या रविवारी पुन्हा बांधावर हजर. दुसरं करणार काय?

मेच्या तिसऱ्या रविवारी मी बांधावर पडले. शुद्धीवर आले तेव्हा मामा माझ्या तोंडाला ताकाची बाटली लावत होते.

"काल काय जेवलीस?"

"काल शनिवार ना, मामा."

त्यांना कळेना. मग मी सांगितलं. मार्चमध्ये त्यांनीच अम्माला सल्ला दिला होता, मारुतीचे शनिवार धरा, पोरीला बळ देईल. त्यांना वाटलं अम्मा धरतील. अम्माच्या मते काम जिचं, व्रत तिचं. म्हणून दर शनिवारी दिवसभर पाणी, रात्री एक पेला दूध, आणि दुसऱ्या दिवशी सोळा किलोमीटर. मामांना ठाऊकच असणार, असं मी धरून चालले होते. शिवाय भूक लागते म्हणणं ही सबबच झाली असती.

मामा बांधावरच बसले. वही काढून त्यांनी एकेक रविवार पाहिला. मग म्हणाले, "तुझे पाय खरं बोलत होते. मीच सांगटलों अम्माला, मीच तुला आळशी म्हटलों." त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

धरलेलं व्रत सोडायला अम्मा तयार होईना. तेव्हा मामांनी तोड काढली. "हिला नोकरी लागेपर्यंत शनिवार माझे. ही जेवेल आणि धावेल." मामांना साखरेचा आजार होता. मामी त्यांच्याशी कडाकडा भांडल्या. "सबब नको," एवढंच ते म्हणाले.

उरलेले तीन रविवार मी धावले. दमले नाही असं नाही, पण तो पोटभर जेवलेल्या माणसाचा थकवा होता. दात-ओठ खाऊन त्याच्या पलीकडे जाता येत होतं. स्पर्धेत शेवटच्या फेरीत उरलंसुरलं सगळं पणाला लावलं. मी चौथी आले. तिसरी माझ्यापुढे हातभर होती.

कठड्याशी मामांनी घड्याळ दाखवलं. "आजवरची तुझी सगळ्यात चांगली वेळ," म्हणाले आणि तोंड फिरवलं. तंजावरला निघालो त्या दिवशी स्टेशनवर एवढंच बोलले, "नोकरी लागली की सांगायला ये. पत्र नको."

त्या मागच्या खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. मी बी.ए. झाले, परीक्षा दिली आणि मद्रासच्याच एका कचेरीत कारकून म्हणून नेमणूक मिळाली. रुजू व्हायच्या आधी आवडी गाठली. भर दुपार होती. दार मामींनी उघडलं. भिंतीवर मामांचा हार घातलेला फोटो, शेजारच्या खिळ्याला स्टॉपवॉच. मार्गशीर्षात गेले, मामी म्हणाल्या. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "जेवण झालं, मामी?"

"आज शनिवार," मामी म्हणाल्या. "त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. ते गेल्यावर मी धरलें."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"लागली का ग नोकरी?"

"लागली, मामी. सोमवारपासून."

मामी उठल्या. आत जाऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि दोघींपुरते तांदूळ धुवायला घेतले.