भिंतींना धक्के देणारी माणसं

सोबत गेम खेळणारी मंडळी त्याला उंदीरमामा म्हणायची. कुठल्याही फटीत शिरायचा, म्हणून. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर चालू करायचा. गेम एकच, समुद्रात बुडालेल्या शहराचा. शाळेत असल्यापासून त्यातल्या गल्ल्या त्याला स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त ओळखीच्या.

आणि नशिबाची गंमत बघा, तो गेम बनवणाऱ्या कंपनीतच त्याची थोरली बहीण नोकरीला होती. आईवडील गेल्यावर ताईनं त्याला वाढवलं ते याच पगारावर.

"मज्जा आहे बाई तुझी," शेजारच्या काकू म्हणायच्या, "खेळायचा पगार मिळतो!"

ताई नुसती हसायची. तिचं काम खेळायचं नव्हतं, मोडायचं होतं. गेम बाजारात येण्याआधी त्या शहरातली प्रत्येक भिंत खांद्यानं ढकलायची, मग पाठीनं, मग कोपऱ्यात उड्या मारायच्या. कुठून गेममधला पाणबुड्या आरपार गेला, तर त्याला पुन्हा तसाच घालवून दाखवायचा. "एकदा दिसलं ते भूत," ती म्हणायची, "पुन्हा दाखवता आलं तर चूक." सवय इतकी मुरलेली की घराचं दारसुद्धा ती दोनदा ओढून बघायची.

मग गेमचा तिसरा भाग व्हायचा होता तेव्हा कंपनीनं चाहत्यांना हाक दिली. या, सगळ्यांच्या आधी खेळा, कुठं काय बिघडलंय ते कळवा.

"मी नाव दिलं," जेवताना तो म्हणाला.

ताईचा घास हातातच राहिला. "पगार काय देतायत?"

"पगार कसला? नावापुढे बिल्ला मिळतो. सोनेरी!"

"वा! उद्यापासून आपण बिल्लाच शिजवू."

"ताई, चिडू नकोस ना."

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाज तू. अरे, तपासणीच्या खोलीत आम्ही तीन टाळकी. कालच साहेब म्हणाला, हौशी लोकांना जमलं तर तुम्हाला ठेवायचं कशाला?"

"त्यांना काय जमतंय! उलट तुमची किंमत कळेल त्याला."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिले काही दिवस ताई घरी यायची ती हसतच. "आज एकानं कळवलंय, 'शार्क फार उद्धट आहे'. दुसरा म्हणतो, 'सगळं छान, आईला पण आवडलं'. साहेबानं कपाळावर हात मारला!" तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी मोकळेपणा होता.

पण उंदीरमामाला ते हसू टोचलं. ज्या गेमवर आपण जीव टाकला, त्याचे चाहते म्हणजे काय नुसते खुळे? त्यानं मंडळींना गोळा केलं. शहर वाटून दिलं, प्रत्येकाला एक गल्ली. खांदा, पाठ, कोपऱ्यात उडी, पुन्हा करून दाखवा, मगच कळवा. लहानपणी ताईनं मांडीवर बसवून खेळ म्हणून जे शिकवलं होतं, ते सगळं त्यानं भरभरून शिकवलं.

मंडळी पेटली. चुका पोत्यानं निघू लागल्या. कंपनीनं जाहीर कौतुक केलं, उंदीरमामा आणि त्याची फौज! तो धावतच घरी आला.

"बघ, बघ ना! तुझीच पद्धत. मी सगळ्यांना सांगितलंय, हे माझ्या ताईनं शिकवलं म्हणून. आता बढती पक्की तुझी!"

ताईनं उभ्या उभ्या वाचलं. मग स्टूल ओढून बसली.

"हे तू शिकवलंस?"

"हो मग!"

"उंदरा," ती हळू म्हणाली, "आमच्याजवळ तेवढंच होतं रे."

महिना सरायच्या आत तपासणीची खोली बंद झाली. ताई घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि साहेबाचा आवाज काढून म्हणाली, "'मॅडम, तुमची पद्धत एवढी सुंदर आहे, की ती कोणालाही शिकता येते!' हात मिळवला बरं का त्यानं."

त्यानं हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बिल्ला परत केला. मंडळींना लिहिलं, मी सोडतोय, तुम्हीही सोडा, माझ्या बहिणीची नोकरी गेलीय आपल्यामुळे. उत्तरं आली. "वाईट वाटलं, मामा." "ताईंना सांग, धीर धरा." आणि मग एकानं विचारलं, "मामा, तुझी गल्ली मी घेऊ का?"

दुकानात मालकानं ऐकलं, म्हणाला, "काय रे, तिकडे फुकट राबायचास, मग माझ्याकडेच का पगार मागतोस?" तो काच घासत राहिला.

ताई दारोदार फिरली. गेमच्या दुसऱ्या कंपन्यांत बोलणं गोड व्हायचं, शेवटी तेच ऐकवायचे, आमच्याकडे हौशी लोक आहेत. पुढे पुढे ती विचारायलाही जाईना. खिडकीशी बसून राहायची.

एका सुट्टीच्या दुपारी तो बाजारातून आला, तर ताई त्याच्या कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर पाणबुड्या भिंतीला खांदा लावून उभा.

"ताई, तू?"

"नाव दिलंय मी. मासळीबाजारामागची गल्ली मिळाली."

"फुकट?"

"कंपनीत वर कोणीतरी वाचत असेलच की. माझं लिहिणं ओळखतील. म्हणतील, अरे, ही तर आपलीच…"

वर आता कोणी पगारी नव्हतंच. आलेलं सगळं हौशी पोरंच वाचून निवडायची. त्याला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते काम करशील का, असं कंपनीनं आधी त्यालाच विचारलं होतं.

सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. ताईचं बोट बटणावर तयार होतं, चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी कामाचं तेज.

"कोपऱ्यात उडी मारून बघितलीस?" तो म्हणाला.

"मारतेय ना, थांब."

तिनं उडी मारली. भिंत पक्की होती. तिनं पुन्हा मारली.