टायफॉइडची साक्ष

नऊ वर्षं ब्रह्मदेशातल्या मिशनच्या शाळेत शिकवून मी ख्रिस्ताकडे एक मुलगी आणली. एक. बाकीच्या माझ्याकडून अंकगणित आनंदाने शिकायच्या, शुभवर्तमान ऐकताना गोड हसायच्या आणि सणाला फुलं घेऊन पॅगोड्यात जायच्या. मी चिडायची. राग तेव्हाही माझ्या नाकावर होता, आजही आहे.

त्या एका मुलीला मी बंगलोरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आणलं. पन्नासचं दशक सरत आलं होतं, मीही रजेवर होते. माझे वडील बेळगावकडून येऊन तिथेच जयनगरात स्थायिक झाले होते. सुट्टीत ती आमच्याकडेच राहायची. इकडे मिशनच्या कमिटीत कुजबुज चालली होती, या बाईंनी इतक्या वर्षांत केलं काय? मला परत पाठवायचं की इथल्याच एखाद्या शाळेत बसवायचं, ते येत्या रविवारी ठरणार होतं. त्या दिवशी मुलगी उपासनेत साक्ष देणार होती, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ते मंडळीला सांगणार होती. माझी शाळा मला परत मिळणं तिच्या चार वाक्यांवर येऊन ठेपलं होतं.

ती तीन दिवस मैत्रिणीकडे गेली होती. शुक्रवारी सकाळी परत आली. आईने दार उघडलं आणि ती किंचाळली. मी धावले. मुलीच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"अगंबाई, एवढ्याशा पोरीचा नवरा कधी गेला गं?" आई म्हणाली. "आणि लग्न तरी कधी झालं होतं?"

आमच्या घरात बाईच्या भादरलेल्या डोक्याचा एकच अर्थ होता. आईच्या आत्याला बाराव्या वर्षी न्हाव्यापुढे बसवलं होतं. ते बघवेना म्हणून आईच्या वडिलांनी घरदार सोडून बाप्तिस्मा घेतला. आई रडायलाच लागली.

"सयामा," मुलगी म्हणाली. तिकडे शिक्षिकेला असंच म्हणतात. "मी मैत्रिणीकडे नव्हते. इथल्या विहारात केस उतरवले. आमच्याकडे मुली थोडे दिवस संन्यास घेतात, त्याचं पुण्य आईला मिळतं. माझ्या आईची तेवढीच इच्छा होती. मागे मी नाही म्हटलं, कारण तुम्ही नाही म्हणाला होतात. आता ती अंथरुणाला खिळलीय."

"आणि तुझा बाप्तिस्मा?"

"तो आहेच की."

मी तिच्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांत वर्गात कुणावर हात उगारला नव्हता. माझी मीच हबकले. ती मात्र चूक आपलीच असल्यासारखी मान खाली घालून उभी राहिली, आणि त्याने मला आणखीच संताप आला.

मग मी तिला पढवलं. टायफॉइड झाला होता म्हणायचं, केस गळायला लागले म्हणून काढून टाकले. तेव्हा टायफॉइडमध्ये बायकांचे केस जायचेच, कुणाला शंका आली नसती. रविवारी मी स्वतः तिच्या डोक्याला रुमाल बांधला.

कमिटीच्या अध्यक्षांना सगळी मंडळी अण्णा म्हणायची. ते चर्चच्या फाटकातच भेटले आणि नेहमीच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले,

"काय झालं बाळा? स्वल्प अशक्त दिसतेस."

"टायफॉइड," मीच म्हणाले.

"सरी, सरी, ठीक आहे. बसूनच बोल हं."

ती उभी राहूनच बोलली, आणि साक्षीतला शब्दन् शब्द खरा होता. शेवटी अण्णांनी मायेने विचारलं, आजारपणात तुझं केलं कुणी? तिने माझ्याकडे पाहिलं. "सयामांनी," ती म्हणाली. "रात्रंदिवस." मंडळी गहिवरली, पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. खोटं बोलायला मी तिला शिकवलं होतं, आणि ती ते माझ्यापेक्षा सफाईने, माझ्याच भल्यासाठी बोलत होती.

मला परत पाठवायचं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत मी सामान बांधायला घेतलं. मुलगी मला मदत करायची, पुस्तकं पुसून द्यायची. त्या थपडेबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही क्षमा मागितली नाही.

निघायला आठवडा उरला असताना माझ्या नावाने ब्रह्मदेशी अक्षरांतलं पत्र आलं. तिच्या आईचं. मी ते फाटकाशी उभ्यानेच वाचलं.

"सयामा, मुलीचे केस उतरवताना खाली पांढरं कापड धरायचा मान आईचा असतो. मला ते नशिबात नव्हतं. पण माझ्या जागी तुम्ही बसलात, तुम्ही कापड धरलंत, एकही केस जमिनीवर पडू दिला नाहीत, असं मुलीने कळवलं आहे. तुमचा धर्म वेगळा, तरी तुम्ही हे केलंत. आता मी सुखाने डोळे मिटेन. तुम्ही याल तेव्हा मी नसेन, म्हणून माझा नमस्कार आत्ताच घ्या."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. आईने काय लिहिलंय, म्हणून विचारत होती.