कृपया सभ्य भाषा वापरा

सायबर कॅफे चालवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. माणसं तासभर बसतात, उठून जातात, आणि त्यांचं काहीतरी आपल्याकडे राहून जातं. मित्र जमले की मला अजूनही म्हणतात, "तो फिल्टरचा सांग." मग एकावर थांबता येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि मिलिंद साळवे, आम्ही दोघांनी केडगावात कॅफे टाकला होता. मिलिंद भिंगारचा, माझा कॉलेजातला दोस्त. परदेशातल्या एका कंपनीच्या फुकट जागेवर आम्ही नगरकरांसाठी एक फोरम उघडला. कुणीही लिहावं, कुठूनही वाचावं. लिहायचं मात्र इंग्रजी अक्षरांत, मग भाषा मराठी का असेना.

कंपनीने शिव्या अडवायला फिल्टर बसवला होता. त्याला अर्थ कळत नसे, फक्त अक्षरं कळत. शिवीची अक्षरं कुठल्याही शब्दाच्या पोटात सापडली की मजकूर परत यायचा आणि इंग्रजीत लाल ओळ झळकायची, "कृपया सभ्य भाषा वापरा." तो बंद करणं आमच्या हातात नव्हतं.

पहिले सापडले शितोळे सर. रिटायर्ड हेडमास्तर, धोतर-कोट, बोलणं इतकं सभ्य की चहा सांडला तरी टेबलाची माफी मागतील. त्यांनी नाव नोंदवायला घेतलं. इंग्रजीत 'शितोळे' लिहिलं की पहिली चार अक्षरं काय होतात, हे तोवर आमच्याही लक्षात आलं नव्हतं. लाल ओळ आली.

सरांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मी घाईघाईने म्हटलं, "सर, नुसतं हेडमास्टर टाकू या."

"नको," सर म्हणाले. "ते पद होतं, सरकारने दिलं आणि परत घेतलं. नाव वडिलांनी दिलंय."

ते उठले, पूर्ण तासाचे पैसे ठेवले आणि गेले.

त्यानंतर मिरजगावचे एक बागायतदार आले, भाऊसाहेब. कॅनॉलचं पाणी शेवटच्या शेतांपर्यंत पोचत नव्हतं. आपल्या भागातले कुणी इंजिनियर फोरमवर असतील, तर त्यांना विचारायचं होतं. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. इंग्रजी 'कॅनॉल'चं पहिलं अक्षर सोडलं तर जे उरतं, ते डॉक्टरांच्या पुस्तकात चालतं, फिल्टरला नाही.

"काय म्हनतंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सभ्य भाषा वापरा म्हणतंय."

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आमी नुसतं पानी इचारलं तरी वंगाळ दिसतो व्हय? हापिसात बी असंच हुतं."

मग मी 'कॅनॉल' खोडून मराठीतला 'कालवा' लिहिला. तो गेला. उत्तरंही आली, दोन इंजिनियरांची. पाणी किती पुढे सरकलं ते ठाऊक नाही, पण भाऊसाहेब ती उत्तरं छापून घेऊन गेले.

एक बाई मुलीचं स्थळ टाकायला आल्या होत्या. मुलगी शीतल. पुन्हा तीच चार अक्षरं. बाईंना वाटलं, मुलीबद्दल कुणीतरी काहीतरी कळवलंय. त्या रडवेल्या झाल्या. "कोणी काय सांगितलं ते सांगा मला," एवढंच म्हणत राहिल्या. मिलिंदने त्यांना पाणी दिलं, शेजारी बसून एकेक अक्षर समजावलं आणि स्पेलिंगमध्ये दोन 'ई' घातले. शीतल फोरमवर गेली. तिचं लग्न जमलं, ते मात्र आत्याने आणलेल्या स्थळाशी.

मराठी शिव्यांचं काय, असं लोक विचारतात. त्या बिनदिक्कत जात. दोन चुलतभावांनी बांधावरून एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या, इंग्रजी अक्षरांत, पानभर. फिल्टरने त्यातला एक शब्द अडवला नाही. ते सगळं मिलिंदने हाताने पुसलं.

आता शेवटचा.

मिलिंदने फोरमवर लिहिलं होतं, की खेड्यांतल्या मुलांना रविवारी कॉम्प्युटर फुकट शिकवीन. खाली स्वतःचं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी टोपणनावाने लिहिलं, "आडनाव वाचा म्हणजे कळेल. यांची वस्ती गावाबाहेर होती, ती उगाच नव्हती. आपली पोरं यांच्या हाताखाली पाठवू नका." एकही शिवी नाही. शुद्धलेखनही बरोबर होतं.

मी पुसायला गेलो. मिलिंदने माझा हात धरला. "राहू दे. उत्तर देतो."

त्याने इंग्रजीत साधी चार वाक्यं लिहिली. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी बी.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. रविवारी दार उघडं असेल. तुमच्या मुलालाही पाठवा.

लाल ओळ आली. इंग्रजी 'क्लास'ची पहिली दोन अक्षरं काढली की गाढव उरतं, 'पास'चं एक काढलं तरी तेच, आणि फिल्टरच्या लेखी गाढव ही शिवी होती.

मी म्हटलं, "ते वाक्य काढून टाक. बाकीचं जाईल."

"का काढू? तीन वर्षं अभ्यास केलाय."

त्याने स्क्रीनवरचं सगळं तसंच छापलं. वर त्या माणसाचा मजकूर, खाली स्वतःचं उत्तर, त्याखाली ती ओळ. कागद दाराशेजारी भिंतीला चिकटवला.

रविवारी मुलं आली, थोडीच. त्यांतल्या एकीचे आजोबा तिला सोडायला आले होते. ते कागदापुढे थांबले आणि नातीकडून सगळं मराठीत समजावून घेतलं. मग मिलिंदला म्हणाले, "यातली शिवी कुटली, वरची का खालची?"

मिलिंद खुर्च्या मांडत होता. मान वर न करता म्हणाला, "मशीनला खालची वाटली."