वाडीखालच्या पाण्यातली वाम

“अजून कुणाला सांगू नका,” असं म्हणून आमचे सर एकदा दाराकडे बघून घ्यायचे. दाराबाहेर कोण असणार? आमची प्रयोगशाळा कान्ह्याच्या शिवारात. बाहेर भाताची खाचरं आणि चरायला सोडलेली एखादी म्हैस. पण पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष बाहेर गेलेला सरांना खपायचा नाही, आणि ही सवय हळूहळू बाकीच्या आयुष्यातही शिरली होती. चहा चांगला झाला तरी तेच वाक्य. लोणावळ्याहून येताना लोकल वेळेवर आली तरी तेच. एकदा मी म्हटलं, “सर, आज तुमचा वाढदिवस ना?” तर म्हणाले, “आधी खात्री करून घ्या.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या काटेकोरपणाचा वैताग येतो, आणि तो रजेवर गेला की आपल्याला काही सुचत नाही. मला तर सरांचा जाम वैताग यायचा. मी कामशेतची, तोंडाने फटकळ. त्यांच्या तोंडावर म्हणायचे, “तुमच्या खात्रीपायी एक दिवस मासेच म्हातारे होतील.” ते हसायचे आणि पुन्हा तपासायला लावायचे.

आमचं काम काय ते सांगते. मासा पाण्यात फिरतो तेव्हा त्याच्या अंगाचा चिकटा, कातडीचे बारीक कण पाण्यात सुटत राहतात. ते पाणी बाटलीत भरायचं, अगदी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर उरेल त्यातून डीएनए काढायचा. यंत्र त्याची अक्षरं वाचतं आणि माझ्या संगणकावर ओळींचा ढीग येऊन पडतो. कुठली ओळ कुठल्या माशाची, हे जुळवणं माझ्याकडे. जाळं टाकायला नको, एक मासा मारायला नको, आणि धरणात कोण कोण राहतं ते कळतं.

सर या कामात आले ते त्यासाठीच. घरचं वळण पक्कं शाकाहारी. मासा कापलेला त्यांना बघवायचा नाही. कामशेतच्या बाजारात मासेवाल्या बायकांची रांग लागली की सरांची मान रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. मी चिडवायचे, “सर, तुम्ही माशांचे डॉक्टर की जावई? तोंड कशाला लपवता?” संगणकावर मासा वाचणारा हा माणूस ताटातला मासा ओळखू शकला नसता.

पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून माझ्या मावशीची वाडी आहे. वाडीखाली पाणी आत वळून निवांत होतं आणि वाडीची सगळी जाळी तिथेच लागतात. समोरच्या काठावर पर्यटकांना तंबू भाड्याने देणारे तंबूवाले आले. त्यांना त्या निवांत पाण्यात मोटारबोटी फिरवायच्या होत्या. बोटी आल्या की जाळी गेली, हे सांगायला कुणी शहाणा नको. वाडीने विरोध केला. तेव्हा वरून विचारणा झाली की तिथे जपण्यासारखं आहे तरी काय?

वाडीतली म्हातारी माणसं म्हणायची, पूर्वी आपल्या पाण्यात वाम असायची. वाम म्हणजे सापासारखा लांबट मासा, चवीला एक नंबर. पण कित्येक वर्षांत ती कुणाच्या जाळ्यात आली नव्हती. मीच सरांच्या मागे लागले, की तिथलं पाणी तपासून बघू.

पाणी आणायला सर आणि आमचे ड्रायव्हर गेले. मी इकडे संगणकापाशी. आता मावशीच्या दारातून कुणी न जेवता गेलंय, असं माझ्या आठवणीत नाही. काका गेल्यावर होडी दिराकडे गेली, पण चुलीचा मान तिने सोडला नाही. सरांना पिठलं-भाकरी, ड्रायव्हरला माशाचं कालवण. ती खाली काठावर मासा साफ करायला बसलेली दिसली, तसे सर पाठ करून वर टेकाडावर जाऊन बसले. जेवणं झाल्यावर खाली उतरून त्यांनी बाटल्या भरल्या.

निकाल आला. वाम होती. धरणात बाकी कुठेच नाही, फक्त वाडीखालच्या पाण्यात. मी सरांना हाक मारली. ते येऊन माझ्या पडद्यापुढे उभे राहिले. मी त्यांच्या ‘अजून कुणाला सांगू नका’ची वाट बघत होते. ते आलंच नाही. बोटींबद्दलची गावची बैठक तोंडावर आली होती. सर म्हणाले, “मावशींना कळवा. बैठकीला मी स्वतः येतो.”

बैठक शाळेत झाली. सरांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “तुमच्या पाण्यात वाम आहे.” मावशीच्या दिराने डोळे पुसले. सरांना शाल-श्रीफळ दिलं. बोटींचं काम थांबवायचं ठरलं. मी पुढच्या बाकावर कॉलर ताठ करून बसले होते. मागे बायकांत मावशी होती, तिच्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या आठवडी बाजारात तिने कामशेतला माझा हात धरला आणि मासेवाल्यांच्या रांगेपाशी नेलं.

“ती वाम मी हितनं नेलती,” ती म्हणाली.

मला आधी अर्थच लागेना.

“उजनीकडची व्हती. दिराचं जाळं मोकळं आलं त्या दिशी. तुजं साहेब पयल्यांदा घरी यायचं. मासं धरनाऱ्याच्या घरात इकतचं कालवण, कुन्या तोंडानं सांगू? दिरानं मासा धरलाय म्हनून सांगितलं. धुतला तितंच, खडकावर. रगत पान्यात गेलं. साहेबांनी तितंच बाटल्या भरल्या. पान्यात एवढं ऱ्हातं, ते मला काय ठावं, बाये?”

मी भर बाजारात तिच्यावर तोंड टाकलं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि मध्येमध्ये एवढंच म्हणत होती, “साहेबांना सांगू नगंस. माजी लय बेअब्रू व्हईल.”

मी सांगितलं. सांगणं भागच होतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी पाठ करून बसलो होतो,” ते म्हणाले. मग त्या काठाचं पाणी पुन्हा आणलं, परत एकदा आणलं, वेगवेगळ्या हातांनी गाळलं. वाम कुठेच नव्हती.

वाडीत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बजावलं, “मावशींचं नाव निघता कामा नये. आणि मला कळलंय, हे त्यांनाही कळू देऊ नका. नाहीतर त्या पुन्हा कुणाला जेवायला वाढणार नाहीत.”

तीच शाळा, तीच माणसं. सर उभे राहिले. “पाणी पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय मी बोलायला नको होतं. मी बोललो. तुमच्या पाण्यात वाम नाही. चूक माझी, फक्त माझी.” त्यांनी घडी केलेली शाल टेबलावर ठेवली. ती उचलायला कुणी पुढे होईना.

मावशीचा दीर उठला. “साहेब, गप बसला असता तर तुमचं काय जात व्हतं?”

“पाण्यात नाही ते आहे म्हणून कसं सांगू, भाऊ?”

“मंग आदी कशापायी सांगितलंत?”

तंबूवाल्यांचा माणूस दाराशी मोबाईलमध्ये बघत हसत होता. मला इतकी लाज वाटली की माझी मान वर होईना. सरांची वाटली, मावशीची वाटली, आणि सगळं ठाऊक असून बाकावर बसून राहिले म्हणून माझीही वाटली. मावशीने पदर तोंडात धरला होता.

बैठक मोडल्यावर मला वाटलं, सर तडक गाडीत बसतील. तर ते वाडीच्या वाटेला लागले. मावशीच्या अंगणात जाऊन म्हणाले, “भूक लागलीय. काही आहे का?” तिने पिठलं टाकलं. सरांनी एक भाकरी जास्तीची मागून घेतली. निघताना हात जोडले आणि म्हणाले, “तुमच्या हाताला चव आहे, मावशी.” ती दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा हसली.

बोटी आल्या. जाळी गेली. मावशीचा दीर आता त्याच तंबूवाल्यांकडे पाहुण्यांना होडीतून फिरवतो. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी सरांची ओळख ‘वामवाले सर’ अशी करून दिली. सर हसले, पण त्यानंतर कुठल्या परिषदेला गेले नाहीत. पवनानगरच्या बाजूलाही फिरकले नाहीत. तिथलं पाणी आणायचं असलं की दुसऱ्याला पाठवायचे आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. मी चिडवणं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात सर वारले, लोणावळ्याला, घरीच. मावशीला ते उशिरा कळलं. एका दुपारी ती दोन जीपा बदलून कान्ह्याला आली. प्रयोगशाळेत तिचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. चप्पल बाहेर काढून ती आत आली आणि माझ्याऐवजी सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमसमोर उभी राहिली.

“ती वाम इकतची व्हती,” ती म्हणाली. “साहेबांची कायबी चूक नव्हती. मी तवाच सांगाया पायजे व्हतं. ते गेले. आता तुमी लिवून ठेवा.”

मॅडम नागपूरकडून आलेल्या. त्यांना वामचं काही माहीत नव्हतं. त्या गोंधळून म्हणाल्या, “बसा ना आजी, पाणी घेता का?”

मी मावशीला बाजूला घेतलं. आता कशाला लपवायचं, असं मला वाटलं. “मावशे, सरांना ठाऊक होतं गं. बैठकीच्या आधीपासून.”

“जेवाया आले, तवाबी?”

“हो.”

“मला वाटलं, कळलं न्हाई म्हनून आले,” ती म्हणाली. आणि तिथेच, आमच्या यंत्रांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर खाली बसली. डोक्यावरचा पदर तिने पार तोंडावर ओढून घेतला. मॅडमनी पाण्याचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला, तो तिने घेतला नाही. पवनानगरकडे जाणारी शेवटची जीप निघून जाईल, असं मी तिला सांगत राहिले. ती उठली नाही.