घट्ट झाकणाची बरणी

माझं सध्याचं पोस्टिंग करंजाडे, दुसरा मजला. कमांड सौभाग्यवतींकडे. मागच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला त्यांनी मला नवीन पनवेलच्या एका फिजिओथेरपी सेंटरवर हजर केलं. कारण, उजवा खांदा. वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हाताने काढतो, हे त्यांनी टिपलं होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला. खांदा, दंड, पंजा यांच्याबद्दल अकरा प्रश्न. गेल्या आठवड्यात अमुक काम करताना किती त्रास झाला? एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे जमलंच नाही. मी दोन मिनिटांत अकराही ठिकाणी एकला गोल केला आणि पेन परत दिलं.

"काका, या कागदाप्रमाणे तुम्ही माझ्यापेक्षा फिट आहात. उपचार बंद करू? आत्ता सोडलात तर खांदा कायमचा आखडेल."

"अहो, पहिला प्रश्न मोठ्याने वाचा," सौ. म्हणाली.

"घट्ट झाकणाची बरणी उघडणे," मी वाचलं.

"घरात बरण्या कोण उघडतं?"

मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघू लागलो.

आता माझी बाजू. फौजेत दरवर्षी मेडिकल होतं. त्यात 'शेप वन' मिळालं की माणूस ठणठणीत. ते गेलं की प्रमोशन अडतं, पलटणीपासून बाजूला पडतो. त्यामुळे डॉक्टरसमोर गुडघा, कान, पाठ सगळं ओके. बावीस वर्षं ओके म्हणालेल्या जिभेला रिटायरमेंटची ऑर्डर कोणी दिली नव्हती.

आणि बरणी उघडण्यात मी एकेकाळी नावाजलेला होतो.

उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर मी हवालदार होतो. शिपाई दत्तू पाटील उरणकडचा, म्हणजे घरचाच. त्याची आई जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, चटणी पाठवायची. थंडीने झाकण घट्ट बसायचं. रोज दुपारी दत्तू बरणी माझ्यापुढे ठेवायचा.

"दादा, उगडा. सरकार तुमाला याचाच पगार देते."

मी उघडायचो. वासाने अर्धा बंकर बाहेर जायचा. आम्ही दोघं भाकरीशिवाय खायचो.

त्या दिवशी ०६४० ला आमची गस्तीची तुकडी परतत होती. दोन जोड्या, दोन दोर. माझ्या दोरावर दत्तू. त्याच्या पायाखालचा बर्फ गेला. तो कड्याखाली लोंबकळला, मी खडकाला पाय लावून दोर खांद्यावरून धरला. काहीतरी 'कट' वाजलं. खांदा निखळला होता. डाव्या हाताने रेडिओचं बटण दाबून पोस्टवरच्या साहेबांना बोलावलं.

"अल्फा, पुढची जोडी मागे पाठवा. माणूस दोरावर. ओव्हर."

"सरळ उतरले तर दहा मिनिटं, पण बर्फ कच्चा आहे. वळसा घालून पंचवीस. होल्ड करशील?"

"करतो, सर."

"हात?"

"ओके, सर."

त्यांना वळसा घालायला सांगितलं गेलं. खालून दत्तू म्हणाला, "दादा, बरनी समजून धरा. सोडू नका."

०७०२ ला माझा पंजा उघडला. मी उघडला नाही. तो उघडला.

साहेब नंतर म्हणाले, सरळ वाटेने आले असते तर कदाचित चौघेही गेले असते. शक्य आहे. मी पुन्हा विचारलं नाही.

दत्तूच्या तिथीला मी दरवर्षी त्याच्या गावी जातो. आई विचारते, "हात कसा हाय?" मी म्हणतो, ओके. ती चटणीची बरणी देते, "उगड, चाखून बग." मी म्हणतो, घरी जाऊन. घरी सौ. उघडते.

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. मी पेन डाव्या हातात घेतलं. पहिला प्रश्न, पाच. कागद फक्त गेल्या आठवड्याचं विचारत होता. मी एकोणीस वर्षांचं उत्तर दिलं. पुढचे दहा सोपे गेले.

रविवारी तिथी होती. फोटोला हार घातला. सॅल्यूट गालापर्यंत पोचला. आईने बरणी हातात दिली.

"हात कसा हाय?"

"बरा नाही, आई. त्याच वेळी निखळला होता. साहेबांनी विचारलं, तर मी ओके म्हणालो. म्हणून मदतीची माणसं लांबच्या वाटेने आली. ही बरणी मला उघडत नाही."

 तिने बरणी माझ्या हातातून घेतली, पदर झाकणावर धरला आणि एका पिळात उघडली. चिमूटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवली.

"दत्तूला पन कंदी उगडली नाय, बाला," ती म्हणाली. "खा."